मला कोण इचारतंय?

दुपारची भांडी आवरली असतील तर घटकाभर बसा. घरात सासू असेल, आजी असेल, पाहुणी आलेली एखादी मावशी असेल, तर तिलाही रेडिओजवळ बोलवा. आजचा विषय तिचाच आहे आणि तो तिच्या माघारी बोलण्यासारखा नाही.

मागच्या महिन्यात गटाचा हप्ता भरायला बँकेत गेले होते. पगाराचे दिवस होते. पगार म्हणजे निराधारचा पगार, आपल्याकडे त्याला पगारच म्हणतात. माझ्या पुढं एक आजी उभ्या होत्या. मशीनवर अंगठा ठेवला, उमटला नाही. पदराला पुसून पुन्हा ठेवला, नाही उमटला. पाच-सहा वेळा झालं. पलीकडून आवाज आला, "उद्या या." आजी पायरीवर येऊन बसल्या. मी म्हटलं, "आजी, घरचं कुणी संगं आलं नाही?" त्या हातातली पिशवी घडी करत म्हणाल्या, "मला कोण इचारतंय, माय?"

आयुष्यभर राखेनं भांडी घासली, खुरपं धरलं, खडी फोडली. त्या अंगठ्यावर रेघ राहील कशी? पण मशीन चालवणाऱ्याचा तरी काय दोष म्हणा. माझ्या मनात घोळत राहिलं ते आजींचं वाक्य. आपल्या मराठीत 'विचारणं' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे प्रश्न करणं. दुसरा म्हणजे किंमत देणं, दखल घेणं. 'त्याला गावात कोण विचारतं' असं आपण म्हणतो तो दुसरा. म्हाताऱ्या बाईच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकच होतात. तिला कुणी काही विचारत नाही, म्हणून तिला कुणी विचारत नाही. हे कायम असंच होतं का? आपल्या भागात म्हाताऱ्या बाईला कुणी, कधी, काय विचारलं, त्याची गोष्ट आज सांगणार आहे.

सुरुवात लांबून करते. सातशे वर्षांहूनही मागं, तेराव्या शतकात, महानुभाव पंथात महदाइसा नावाची बाई होऊन गेली. महदंबाही म्हणतात. लहानपणीच विधवा झालेली. लग्नाच्या वेळी म्हणायचे धवळे तिनं रचले आणि मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचंच नाव घेतात. तिचे गुरू चक्रधरस्वामी तिला 'म्हातारी' म्हणत. तिची खासियत काय, तर ती सारखी प्रश्न विचारायची. हे असं का, ते तसं का. स्वामी कौतुकानं म्हणत की ही म्हातारी जिज्ञासू आहे, चर्चा करणारी आहे, काही ना काही पुसतच असते. लीळाचरित्रात ही नोंद आहे. म्हणजे मराठी भाषेचं पहिलं मोठं गद्य पुस्तक उघडलं तर त्यात म्हातारी हा शब्द शिवीसारखा येत नाही, जिला कळून घ्यायची भूक आहे अशा बाईसाठी येतो. ती विचारते आणि तिला उत्तर मिळतं. पुढं हाच शब्द कुठून कुठं आला ते तुम्हाला माहीत आहे. 'म्हातारीला काय कळतंय', 'म्हातारीची बडबड'.

मधल्या शतकांमध्ये आपल्या आज्या-पणज्या काय विचार करत होत्या ते कागदावर फारसं मिळत नाही. मिळतं ते जात्यावरच्या ओव्यांत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी ओव्या वय झालेल्या बायांनी सांगितलेल्या. लेकीची आठवण, भावाची वाट, सासरचा जाच, हे सगळं त्यांनी माणसाला सांगितलं नाही, जात्याला सांगितलं. विचारणारं माणूस नव्हतं, म्हणून दगडाला सांगितलं. गिरणी आली, कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण पहाटेची ती जागाही गेली.

आता निलंग्याकडं येऊ. आपल्या तालुक्यातल्या नव्वदीच्या बाईनं घर न बदलता तीन जिल्हे पाहिलेत, हे तुमच्या कधी लक्षात आलं का? निजामाच्या राज्यात निलंगा बीदर जिल्ह्यात होता. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात आला. १९८२ साली लातूर जिल्हा झाला तेव्हा लातूरमध्ये. राज्यंही तीन झाली. आधी हैदराबाद, मग मुंबई, मग १९६० पासून महाराष्ट्र. जमिनीचे कागद आधी उर्दूत होते, मग मराठीत आले. एवढ्या उलथापालथीत त्या बाईला कुणी काही विचारलं का? नाही. तिचं घर, तिची चूल, तिची विहीर तिथंच.

त्याच १९५६ साली एक मोठी गोष्ट घडली. हिंदू वारसा कायदा आला. त्याआधी विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेतून मिळालं तरी ते बहुतेक तिच्या हयातीपुरतं असे, विकायचा-द्यायचा पुरता हक्क नसे. या कायद्यानं विधवा, मुलगा, मुलगी यांना एका रांगेत बसवलं आणि बाईला मिळालेली मालमत्ता पूर्णपणे तिची झाली. कागदावर. गावात काय झालं ते आपण बघितलंय. सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागतं, आणि मग कधीतरी कुणीतरी म्हणतं, "इथं अंगठा करा." कशावर अंगठा करतेय ते तिला कुणी सांगत नाही, तीही विचारत नाही. माझ्या आजीचा अंगठा तेव्हा छान उमटायचा.

आज सत्तरी-पंचाहत्तरीला आलेल्या बाया बहात्तरच्या दुष्काळात विशी-पंचविशीत होत्या. लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, सुकडी, कोरड्या विहिरी, हे सगळं त्यांच्याकडून ऐकून घ्या. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, आणि त्यात बायांची संख्या मोठी होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्त्याची खडी. आपण आज ज्या रस्त्यानं एसटीनं जातो त्यातल्या कितीतरी रस्त्यांची खडी या म्हाताऱ्यांनी फोडलेली आहे. त्या कामांतूनच पुढं रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, आणि त्याच वाटेनं २००५ साली देशभराचा. इतका मोठा कायदा ज्यांच्या हातांवर उभा राहिला, त्यांना आज आपण काय म्हणतो? अडाणी. असो.

आता १९९३. हे बोलताना अजूनही आवाज जरा हलतो, सांभाळून घ्या.

गणपती विसर्जनाची रात्र होती, २९ सप्टेंबर. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. केंद्र किल्लारीजवळ. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं अक्षरशः बसली. मृतांचे आकडे वेगवेगळे सांगतात. काही सरकारी नोंदींत आठ हजारांच्या आसपास, काही अहवालांत दहा हजारांच्या घरात. आपली घरं दगड-मातीची, भिंती दोन-तीन फूट रुंद, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद त्या रात्री अंगावर आलं.

मी त्या वर्षी नवी नवरी होते, निलंगा तालुक्यातच दिलेली. आमच्या घराची मागची भिंत पडली, माणसं वाचली. आमच्या सासूबाई तेव्हा साठीच्या असतील, बऱ्याच वर्षांपूर्वी विधवा झालेल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्या रात्रीनंतर आत्याबाई घरात झोपल्या नाहीत. पावसाळ्यातही अंगणात, डोक्यावर पोतं घेऊन. दिवसा डोकं गरगरतं म्हणायच्या, छातीत धडधडतं म्हणायच्या, भाकरी गोड लागत नाही म्हणायच्या. दवाखान्यात नेलं तर गोळ्या दिल्या, रक्ताची म्हणून. मन बिघडलंय असं कुणी म्हटलं नाही, त्याही म्हणाल्या नाहीत. आपल्या बायांचं मन दुखतं ना, ते बोलतं डोक्यातून, छातीतून, कमरेतून. 'जीव लागत नाही' एवढं एकच वाक्य थेट मनाचं असतं, आणि ते आपण कानाआड करतो.

त्या वेळी मानसोपचाराच्या डॉक्टरांनी भूकंपग्रस्तांची तपासणी केली होती. १९९६ साली ती अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय मासिकात छापून आली. तपासलेल्या माणसांपैकी निम्म्याहून जास्त जणांना मनाचा त्रास होता, उदासीनता किंवा ती रात्र पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढं येण्याचा आजार. आणि तो बायांमध्ये जास्त दिसला, ज्यांचं घरदार, चीजवस्तू गेली त्यांच्यात जास्त दिसला. मला हे फार वर्षांनी कळलं. तेव्हा कळलं असतं तर आत्याबाईंच्या अंगणातल्या झोपण्याला आम्ही हट्ट म्हटलं नसतं.

मदत आली. खूप आली, ते नाकारू नये. पण मदतीतही एक गंमत, गंमत नव्हे, दुखणं होतं. ज्या बायांची लेकरं गेली आणि आधी ऑपरेशन झालं होतं, त्यांच्यासाठी ते उलटवण्याच्या शस्त्रक्रिया सरकारनं केल्या. काहींच्या मांडीवर पुन्हा मूल आलं. बायका गेलेल्या पुरुषांची लग्नं झाली, आमच्या नात्यात तर वर्षाच्या आत झाली. पोरक्या झालेल्या आणि शाळा तुटलेल्या मुलांपैकी सुमारे १२०० मुलांना शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं पुण्याला नेऊन शिकवलं. पुष्कळ मुलं मार्गाला लागली. प्रत्येकासाठी काहीतरी पुन्हा सुरू होण्याची वाट निघाली. पंचावन्न-साठ वर्षांच्या विधवेसाठी काय सुरू व्हायचं होतं? तिला मूल होणार नव्हतं, तिचं लग्न कुणी लावणार नव्हतं, ती शाळेत जाणार नव्हती. तिच्या वाट्याला पत्र्याचं शेड आलं आणि जमलं तर नातवंडं.

माझी सख्खी आत्या किल्लारीच्या बाजूला दिलेली होती. तिचं गाव नव्या जागेवर बसवलं. अशी ५२ गावं नव्यानं बसवली गेली. नवं गाव म्हणजे सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, सिमेंटची घरं. ज्याची जमीन जास्त त्याला मोठं घर. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. घरं मजबूत होती, त्याबद्दल बोलणं नाही. पण आत्या पहिले काही महिने आपलंच घर चुकायची. सगळी सारखी. जुन्या गावात तिच्या घराला ओटा होता. ओट्यावर बसलं की अर्धं गाव समोरून जायचं. कोण रानात गेलं, कुणाची लेक माहेरी आली, कुणाच्या म्हशीनं दूध चोरलं, सगळं तिला माहीत, आणि जाणारी प्रत्येक बाई "काय करताव आत्या?" म्हणून विचारून जायची. नव्या गावात शेजारीण चार प्लॉट सोडून. मधे एवढा रुंद रस्ता की हाक पोचत नाही. विहीर नाही, पाराखालची बैठक नाही. आत्या सांगायची, "घर मिळालं, शेजार गेला." अमावस्येला ती काठी टेकत जुन्या गावाच्या जागेवर जायची आणि पडक्या भिंतीजवळच्या लिंबाखाली बसून यायची. घरची म्हणायची, डोक्यावर परिणाम झालाय. माझं मत विचाराल तर तिचं डोकं ठिकाणावर होतं. ठिकाणच हललं होतं.

पुढं या गावांवर अभ्यास करणाऱ्या जाणकारांनी हेच लिहिलं, की शहरातल्या कॉलनीसारखी आखणी खेड्यातल्या जगण्याला मानवली नाही. लोकांनी मग आपापल्या परीनं घरापुढं पत्रे टाकले, ओटे बांधले, कुडाचे छप्पर काढले. बघा कधी गेलात तर. हे ओटे कुणी आधी बांधायला लावले असतील, याचा अंदाज मी करू शकते.

आमचं गाव मात्र दुरुस्तीत गेलं. नवं गाव नाही, आहे तेच घर बळकट करायचं. जागतिक बँकेच्या कर्जातून भूकंप पुनर्वसनाचा कार्यक्रम १९९४ मध्ये सुरू झाला होता आणि त्यात १३ जिल्ह्यांतली जवळपास दोन लाख घरं अशी दुरुस्तीला होती. इथं एक वेगळी गोष्ट झाली. लोकांना समजावून सांगायला, अडचणी ऐकून घ्यायला गावागावांत बायांना नेमलं. त्यांना 'संवाद सहायक' म्हणत. हे काम प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं उभं केलं. लातूर-उस्मानाबादच्या शेकडो गावांत महिला मंडळं जागी झाली. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जोडदगड घाला, कोपरे बांधून घ्या, माळवदावरची माती कमी करा, हे सगळं बायांनी शिकून घेतलं आणि गवंड्याला सांगायला लागल्या.

आमच्याकडं आलेली संवाद सहायक शेजारच्या गल्लीतलीच सून होती. हातात वही. पहिल्या दिवशी ती घरातल्या पुरुषांकडं गेली नाही. अंगणात आत्याबाई बसल्या होत्या, त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "आजी, ही भिंत कधीची?" आत्याबाई काही बोलल्याच नाहीत आधी. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग म्हणाल्या, "ही माझ्या सासऱ्यानं बांधली. ती पलीकडची मी आल्यावर, मीच माती तुडवली तिची." आणि मग दोन तास बोलल्या. कुठली तुळई सागाची, कुठली बाभळीची, कोणत्या कोपऱ्यात पाणी मुरतं, कुणाच्या घराची भिंत आपल्यात सामाईक आहे. त्या वहीत ते सगळं लिहिलं गेलं. नंतर गल्लीतल्या दोन घरांचा सामाईक भिंतीवरून वाद होता, तर तोही आत्याबाईंना विचारून मिटला.

त्या हिवाळ्यात आत्याबाई घरात झोपायला आल्या. दुरुस्ती झाली म्हणून आल्या असतील. पण मला वाटतं, त्यांना विचारलं गेलं त्यामुळंही असेल. वहीत काय लिहिलं ते त्या अधूनमधून मला वाचून दाखवायला सांगायच्या.

या बायांचं काम इथंच थांबलं नाही. २००१ च्या जानेवारीत कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा आपल्या लातूर-उस्मानाबादकडच्या बाया तिकडं गेल्या, तिथल्या बायांना सांगायला, की घर कसं बांधून घ्या, अधिकाऱ्याला काय विचारा. भाषा गुजराती, पण दोघींनी माळवद पडताना पाहिलेलं.

आता पगाराचं सांगते, कारण बँकेची पायरी मी विसरलेली नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० ची. नंतर श्रावणबाळ योजना आली, १९९५ साली केंद्राची वृद्धांची पेन्शन आली. सुरुवातीला रक्कम इतकी थोडी होती की चहा-साखरही निघत नसे. २०२३ पासून महिन्याला १५०० झाले. अर्ज करताना पहिला प्रश्न वयाचा. आमच्या आज्यांना जन्मतारीख कुठली! त्या सांगतात, "रझाकाराच्या वेळी मी रांगत होते." म्हणजे १९४८. "बहात्तरात माझं दुसरं लेकरू पोटात होतं." "भूकंपाच्या साली नातू झाला." हा आपल्या भागाचा इतिहासच आहे, आणि तो बरोबरही असतो. पण अर्जाच्या चौकटीत तो बसत नाही. मग रेशनकार्डावर कुणीतरी अंदाजे टाकलेलं वय खरं ठरतं आणि साठची बाई कागदावर पन्नाशीची राहते. गटातल्या शिकलेल्या मुलींनो, अशी आजी दिसली तर तिच्या गोष्टीवरून साल काढून द्या आणि ते कागदावर कसं लावायचं ते तलाठ्याला, ग्रामसेवकाला विचारा. अंगठा उमटत नसेल तर डोळ्याच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोयही आता असते. ती तुमच्याकडच्या बँकेत आहे का, तेही विचारा. बँकेतल्या आजींना मी दुसऱ्या दिवशी घेऊन गेले, तेव्हा काम झालं.

पैशानं सगळं होत नाही, पण काही होतं. महिन्याच्या त्या दिवशी तिला घरात विचारतात, चहा आधी तिला देतात. हसू नका, हे खरं आहे. काही घरांत तो पैसा तिच्या हातात राहतच नाही, तेही खरं आहे. आणि मुलं सांभाळत नसतील तर २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आहे. अर्ज प्रांत कार्यालयात करायचा, वकील लागत नाही, महिन्याला १० हजार रुपयांपर्यंत चरितार्थ मंजूर होऊ शकतो. पोटच्या पोरावर अर्ज करायला आईचा हात धजत नाही, हे मला ठाऊक आहे. पण कायदा आहे एवढं नुसतं माहीत झालं तरी घरातलं बोलणं बदलतं, असं मी दोन घरांत पाहिलं.

विधवेचं म्हातारपण आणखी जड असतं. शुभ कामात पुढं येऊ नको, ओटी भरू नको. कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. त्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. आपल्याकडं काही गावांत गटांनी विधवांचं हळदीकुंकू सुरू केलं. आमच्या गटात पहिल्या वर्षी तरुण विधवा आल्या, म्हाताऱ्या आल्या नाहीत. एक म्हणाली, "आता काय करायचं, पन्नास वर्षं झाली." तिच्या घरी जाऊन कुंकू लावलं तेव्हा ती बराच वेळ आरशासमोर उभी होती. मग तिनं ते पुसलं. मी तिला का म्हणून विचारलं नाही. पुढच्या वर्षी ती आली आणि पुसलं नाही.

मनाचं दुखणं असेल, झोप येत नसेल, जगावंसं वाटत नसेल, तर दोन नंबर कागदावर लिहून चुलीजवळ चिकटवा. टेली-मानस, १४४१६, फोनवर मनाच्या डॉक्टरांचा सल्ला मिळतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि ज्येष्ठांसाठी १४५६७. म्हातारीला फोन लावता येत नसेल तर तुम्ही लावून द्या आणि जरा बाजूला व्हा. तिला तुमच्यासमोर बोलता येणार नाही. कदाचित तुमच्याबद्दलच बोलायचं असेल.

शेवटी एक सांगून उठते. मागच्या पावसाळ्यापासून आमच्या गटानं मंगळवारी दुपारी गावातल्या एकेका आजीकडं जायचं ठरवलंय. मोबाईलवर त्यांचं बोलणं घ्यायचं. बहात्तरचं, भूकंपाचं, जात्यावरचं, जे सांगतील ते. मागच्या मंगळवारी ज्यांच्याकडं गेलो त्या ऐंशीच्या पुढच्या. आमच्या गटातली सगळ्यांत लहान पोरगी मोबाईल धरून बसली होती. तिनं यादी केली होती, लग्न कधी झालं, दुष्काळात काय खाल्लं, घर कसं पडलं. आजींनी एकेक सांगितलं, नीट, सावकाश. अर्ध्या तासानं पोरीचे प्रश्न संपले. ती मोबाईल बंद करायला लागली, तर आजी म्हणाल्या, "थांब. आता मी इचारू का?"

पोरगी म्हणाली, "विचारा की."

"तुझी सासू जेवली का आज?"

पोरगी आमच्याकडं बघायला लागली. मग म्हणाली, "माहीत नाही, आजी."

"मग जा, आधी बघून ये. मी हितंच बसलेय."